पिवळ्या मातीचे देणे

२०२५ च्या जुलै महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम राजपत्रात प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली ती आतल्या पानावर, आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. बडोद्याच्या नागरिकांनी तरी तो इतक्या लवकर मागे पडू द्यावयास नको होता. कारखान्यांनी नासवलेली जमीन पुन्हा माणसांच्या वापरात कशी आणावयाची, तिच्या सफाईचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि तो सोसणाऱ्यास सरकारने करात सूट द्यावी की न द्यावी, हा प्रश्न देशातील ज्या शहरांच्या अगदी दाराशी येऊन उभा आहे त्यांत बडोद्याचा क्रमांक बराच वरचा लागेल.

फतेगंजातून पंड्या पुलावरून रेल्वेमार्ग ओलांडला की शहराचा चेहरा पालटतो. फतेगंज हा एके काळचा छावणीचा भाग. आज तेथे विद्यापीठातील मुलांची वर्दळ आहे, खाणावळी आहेत, दुकाने आहेत आणि जुन्या बंगल्यांच्या जागी चढलेल्या उंच इमारती आहेत. पुलाच्या पलीकडे मात्र अॅलेम्बिकची वसाहत लागते, तिच्यापुढे गोरवा, आणि आणखी उत्तरेकडे गेले की तेलशुद्धीकरण, खते, पेट्रोरसायने आणि नंदेसरीचे छोटेमोठे रसायनांचे कारखाने. या सगळ्या पसाऱ्याचे मूळ अभिमान वाटावा असेच आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन उभे राहिले, त्याचे प्राण त्रिभुवनदास गज्जर. आणि त्याच गज्जरांच्या प्रेरणेतून, कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या कर्तृत्वातून १९०७ साली अॅलेम्बिक निघाली. परदेशी औषधे आणि परदेशी मद्यार्क यांच्यापुढे हात पसरावयाचे नाहीत, ही त्या पिढीची जिद्द होती. स्वदेशीच्या त्या व्रतातून जे उद्योग निघाले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे, आणि पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांना नावे ठेवण्यासाठी नव्हे. ज्या जुन्या औद्योगिक जागांवर आज दुकाने, घरे किंवा कलादालने उभी राहत आहेत त्या सगळ्या विषारी आहेत, असे म्हणण्याचाही आमचा हेतू नाही. परीक्षण झाल्याखेरीज कोणत्याही मातीला दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. तेच तिला निर्दोष ठरविण्यालाही लागू आहे, एवढेच.

गोरव्याच्या मातीचे परीक्षण मात्र झाले आहे. तेथील हेमा केमिकल्स या कारखान्यात क्रोमियमची रसायने तयार होत. त्यातून निघालेला कचरा आवारात आणि आसपास टाकण्यात आला. त्याचे वजन सुमारे ७७ हजार टन भरले. सर्वोच्च न्यायालयाने घातक कचऱ्याच्या खटल्यात २००३ साली नेमलेल्या देखरेख समितीपुढे हे प्रकरण गेले, आणि बडोद्याच्या नावाची नोंद देशातील कुप्रसिद्ध जागांच्या यादीत झाली. आकडा डोळ्यांपुढे आणावयाचा असेल तर दहा टन माल वाहणाऱ्या ट्रकांची कल्पना करावी. एका ओळीत असे ७,७०० ट्रक उभे राहतील.

या कचऱ्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे, कारण त्यावरच पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे. क्रोमाइट नावाचे खनिज सोडा आणि चुन्याबरोबर भट्टीत भाजतात, मग पाण्याने त्यातील क्रोमेट धुऊन काढतात. चामड्याला, रंगांना, धातूच्या मुलाम्याला ते लागते. धुऊन उरलेल्या मातकट राखेत काही क्रोमेट अडकून राहते. रसायनशास्त्रज्ञ त्याला षट्संयुजी क्रोमियम म्हणतात. ते पिवळे असते, पाण्यात विरघळते, आणि पावसाबरोबर खाली खाली उतरत विहिरीच्या झऱ्याला जाऊन मिळते. त्याची धूळ श्वासावाटे वर्षानुवर्षे आत गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आता निर्विवाद आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम असावयाचे ते लिटरमागे अवघ्या ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत, असे भारतीय मानक सांगते. चमत्कार असा की याच धातूचे त्रिसंयुजी रूप बऱ्याच अंशी निरुपद्रवी आहे, आणि हिराकसासारखे लोहक्षार मिसळून विषारी रूपाचे या साध्या रूपात परिवर्तन करता येते. म्हणजे उपाय अज्ञात नाही. तो महाग आहे. माती खणा, तिच्यावर प्रक्रिया करा, ती अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरा, भूजल वर्षानुवर्षे उपसून शुद्ध करा, तपासत राहा. अशा कामाला लागणारा पैसा कोणाच्या गाठीचा, हा खरा वाद आहे.

पावसाळ्यानंतर बडोद्यात भराव-मातीला केवढी मागणी असते, हे येथे आठवावे. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी विश्वामित्रीने शहरभर पाणी नेले. पुरानंतर ज्याला परवडते तो आपले जोते उंच करतो, अंगण भरून घेतो. ट्रक येतो, माती पडते. ती कोठून आली हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. क्रोमियमच्या कचऱ्याची जगभरची कथा याच अडाणी सोयीतून घडलेली आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या रदरग्लेन येथे असा एक कारखाना १९६० च्या दशकापर्यंत चालला आणि त्याची राख त्या शहरात भराव म्हणून पसरली. अमेरिकेत हडसन नदीकाठच्या जर्सी सिटीत आणि तिच्या परगण्यात वीस लाख टनांहून अधिक अशी राख घरांखाली, रस्त्यांखाली, शाळांच्या आसपास गेली. आज त्याच जर्सी सिटीत बडोद्याहून गेलेली कितीतरी कुटुंबे राहतात. त्यांना गोरव्याचे आणि आपल्या नव्या गावाचे हे नाते ठाऊक असेल की नाही, कोण जाणे.

देशातही बडोदे एकटे नाही. तमिळनाडूतील राणीपेट आणि कानपूरजवळचे रानिया ही याच क्रोमियमची ठाणी. २०२५ साली नवे नियम आले तेव्हा देशभरात १०३ स्थळे दूषित म्हणून ओळखली गेली होती आणि प्रत्यक्ष सफाईला हात लागला होता तो सात ठिकाणी. नियमांची रचना कागदावर वाईट नाही. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावयाचा, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची, पुढे तीन महिन्यांत सविस्तर पाहणी, मग तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा. ज्याने विष ओतले त्याच्याकडून खर्च घ्यावयाचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र आणि राज्य यांनी मिळून सोय करावयाची. प्रत्येक पायरीला मुदत आहे. फक्त जमीन शेवटी स्वच्छ केव्हा व्हावी, याला मुदत नाही. लग्नाच्या पत्रिकेत मांडवापासून वरातीपर्यंत साऱ्या वेळा छापाव्यात आणि मुहूर्त तेवढा विसरावा, तसे हे झाले.

ज्याने घाण केली त्याने ती काढावी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच निःसंदिग्धपणे सांगितले आहे. उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-अॅसिड नावाच्या रसायनाच्या कारखान्याने २,४४० टन विषारी गाळ टाकला, विहिरींचे पाणी लालसर काळे झाले. न्यायालयाने सफाईचा भार कारखानदारांवर टाकला. पुढे रक्कम ठरली सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये. त्यानंतर अर्जांमागून अर्ज होत राहिले आणि २०११ साली त्याच न्यायालयाला तीच रक्कम चक्रवाढ व्याजासह भरा असे पुन्हा बजावून सांगावे लागले. पंधरा वर्षे गेली, आणि त्या पंधरा पावसाळ्यांत बिछडीच्या जमिनीखाली काय चालले असेल याची कल्पना करावी. भोपाळचे तर विचारूच नये. कारखान्याची जमीन १९९८ साली मध्य प्रदेश सरकारकडे परत आली, आणि गोदामात पडून राहिलेला ३३७ टन कचरा हलला तो २०२५ च्या जानेवारीत, अपघाताला चाळीस वर्षे उलटल्यावर. तो पिथमपूरला जाळण्यात आला. जमिनीतले आणि भूजलातले विष त्या ३३७ टनांत धरलेलेच नव्हते.

दंड आणि खटले यांचा हा अनुभव पाहून काही व्यवहारी माणसे म्हणतात की आता काठीऐवजी गूळ दाखवून पाहावा. जी कंपनी दूषित जमीन विकत घेऊन स्वच्छ करील आणि तिच्यावर घरे, दुकाने किंवा नवा कारखाना उभारील, तिला सफाईच्या खर्चापोटी करात सवलत द्यावी. करातील सवलत दोन प्रकारची असते, आणि त्यांतला भेद सामान्य वाचकानेही ध्यानात ठेवावा. एका प्रकारात खर्च उत्पन्नातून वजा होतो आणि उरलेल्यावर कर बसतो. दुसऱ्या प्रकारात खर्चाचा ठरावीक हिस्सा भरावयाच्या करातूनच वळता होतो. पहिल्यात सरकार थोडे सोडते. दुसऱ्यात सरकार अक्षरशः भागीदार बनते, नफ्यात नव्हे तर खर्चात.

कल्पना नवी नाही आणि टाकाऊही नाही. इंग्लंडने २००१ साली असा कायदा केला. जी कंपनी आधीच नासलेली जमीन घेऊन ती साफ करते, तिला सफाईवर खर्चलेल्या प्रत्येक शंभर पौंडांमागे दीडशे पौंडांची वजावट मिळते. तोट्यात असलेल्या कंपनीला त्या तोट्याच्या सोळा टक्के रक्कम रोख घेता येते. त्यातली एक अट मात्र सोन्याने मढवून ठेवावी अशी आहे. ज्याने जमीन नासवली त्याला यातला एक पेन्सही नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९७ साली अशा सफाईचा खर्च त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करण्यास मुभा दिली. ती मुदतीची होती, वाढत वाढत २०११ च्या अखेरीस संपली. जर्सी सिटी ज्या न्यू जर्सी राज्यात आहे त्याने १९९८ पासून वेगळी वाट धरली. सफाई करणाऱ्याने आधी पदरचा पैसा घालावा, त्या जागेवर नवा उद्योग सुरू व्हावा, त्यातून राज्याला नवा कर मिळू लागावा, आणि त्या नव्या करातून सफाईच्या खर्चाचा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत परतावा द्यावा. घोडा पुढे आणि गाडी मागे, असा हा सरळ क्रम आहे.

न्यूयॉर्क राज्याने मात्र २००३ साली जी उदारता दाखविली ती आपल्या राज्यकर्त्यांनी मुळातून अभ्यासावी. तेथील सवलत केवळ सफाईच्या खर्चावर नव्हती. त्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या खर्चावरही होती, आणि तिला कमाल मर्यादा नव्हती. परिणाम ठरलेलाच होता. बिल्डरांची दृष्टी थोड्या दूषित आणि फार महाग जमिनींकडे वळली. थोडी माती उचलावयाची, तिच्यावर टोलेजंग इमारत बांधावयाची, आणि सवलत घ्यावयाची ती इमारतीच्या किमतीवर. ज्या जमिनी खरोखर विषाने भरल्या होत्या आणि गरीब वस्त्यांत होत्या त्यांच्याकडे त्या मानाने कोण जाणार? २००८ साली राज्याला मर्यादा घालावी लागली: साधारण इमारतीसाठी साडेतीन कोटी डॉलर किंवा सफाई व जागेच्या तयारीच्या खर्चाच्या तिप्पट, यांतील जे कमी असेल ते. २०१५ साली न्यूयॉर्क शहरापुरत्या अटी आणखी आवळाव्या लागल्या.

हे सारे दूरचे वाटत असेल तर मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे. १९८२ चा संप मोडल्यानंतर गिरण्यांच्या जमिनींचे काय, या प्रश्नाला १९९१ च्या विकास नियमावलीने एक उत्तर दिले होते. जमिनीचे तीन वाटे करावयाचे: एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक गृहनिर्माण मंडळासाठी, एक मालकासाठी. मालकाला बांधकामाची मुभा ही सवलत आणि शहराला दोन वाटे हा तिचा मोबदला. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटे करावयाचे ते संपूर्ण जमिनीचे नव्हे, केवळ मोकळ्या पडलेल्या भागाचे, असे ठरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. शहराच्या वाट्याला आलेली जागा आक्रसली, मनोरे उभे राहिले, आणि गिरणी कामगार घरासाठी चिठ्ठ्यांच्या सोडतीकडे डोळे लावून बसला. सवलतीचा एक शब्द बदलला तर एका शहराचा नकाशा बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण मराठी माणसाला दुसरे देण्याची गरज नाही.

आमचे मत असे की दूषित जमिनीच्या सफाईसाठी करसवलत असावी, पण ती कोठे असावी आणि कोठे नसावी हे जमिनीच्या भावावरून ठरावे. हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे.

समजा, एका जुन्या कारखान्याची जमीन स्वच्छ असती तर दहा कोटींना गेली असती आणि तिच्या सफाईला चार कोटी लागणार आहेत. चतुर गिऱ्हाईक तिला सहा कोटींपेक्षा अधिक देणार नाही. म्हणजे सफाईचा भार आपोआप विकणाऱ्याच्या माथी बसला, आणि विकणाराच जर नासवणारा असेल तर न्यायही झाला. आता सरकारने घेणाऱ्यास दोन कोटींची करसवलत जाहीर केली. लगेच दुसरे गिऱ्हाईक सात कोटी देऊ करील, तिसरे साडेसात, आणि व्यवहार आठ कोटींच्या आसपास मिटेल. सवलत घेणाऱ्याच्या नावे लिहिली गेली, परंतु ते दोन कोटी गेले विकणाऱ्याच्या खिशात. इंग्लंडसारखी अट घालून नासवणाऱ्यास दाराबाहेर ठेवावे, तर तो असा खिडकीतून आत येतो. फतेगंज, अलकापुरी, गोरवा, सुभानपुरा या पट्ट्यात जमिनीचा भाव आज एवढा आहे की सफाईचा खर्च तो सहज पोटात घेईल. तेथे करसवलत देणे म्हणजे सार्वजनिक तिजोरीतून दक्षिणा वाटणे होय.

याच्या उलट अशी जागा घ्या की जी स्वच्छ झाली तरी तीन कोटींचीच आहे आणि सफाईला पाच कोटी लागतात. तिला गिऱ्हाईक कधीच मिळणार नाही. मालक कुलूप लावून निघून जातो, कंपनी दिवाळखोरीत निघते, बँक त्या जमिनीकडे तारण म्हणून ढुंकून पाहत नाही, आणि विष मात्र कुलूप न मानता कुंपणाखालून शेजारच्या शेतात जाते. नंदेसरीतील किंवा मकरपुऱ्यातील लहान कारखानदाराची जागा औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्यावर असते. कारखाना बुडाला की पट्टा एकाचा, यंत्रे दुसऱ्याची, कर्ज तिसऱ्याचे आणि माती कोणाचीच नाही, अशी अवस्था होण्यास वेळ लागत नाही. येथे तूट दोन कोटींची आहे आणि तेवढीच सवलत एखाद्या प्रामाणिक नव्या उद्योजकाला दिली तर जमीन जिवंत होते, रोजगार येतो, आणि नव्या शेतजमिनीवर कारखान्याचा पाय पडत नाही. करसवलतीचे खरे स्थान हे. तूट असेल तेथे तुटीइतकी. तूट नसेल तेथे एक पैसाही नव्हे.

आणि तिसरा एक प्रकार आहे, ज्याचा विचार करसवलतीच्या चर्चेत कोणीच करीत नाही. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी समुद्राकडे नेण्यासाठी १९८३ साली एक कालवा सुरू झाला. सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा हा कालवा पादरा आणि जंबुसर तालुक्यांतून जाऊन सारोदजवळ खंबायतच्या आखातात रिता होतो. त्याच्या वाटेवरच्या गावांतून विहिरींचे पाणी बिघडल्याची ओरड वर्षानुवर्षे चालू आहे. लुणा गावचे नाव तर पर्यावरणाच्या कज्ज्यांत पुन्हा पुन्हा येते. त्या शेतकऱ्याच्या विहिरीवर कोणता बिल्डर मनोरा बांधणार आहे? त्याच्या शेताला पुनर्विकासाचे मूल्यच नाही, म्हणून करसवलतीच्या कोणत्याही योजनेला ते शेत दिसणार नाही. ज्याला आयकरच भरावा लागत नाही त्याला आयकरातून सूट कसली द्यावयाची? तेथे सरळ सरकारने पैसा घालावा आणि मागाहून कारखान्यांकडून वसूल करावा, याला दुसरा मार्ग नाही.

त्यासाठी निधी कोठून यावा? अमेरिकेने १९८० साली, न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल या विषारी खड्ड्यावर वसलेल्या वस्तीची कथा उघडकीस आल्यानंतर, खनिज तेलावर आणि मूळ रसायनांवर खास कर बसवून सफाईचा निधी उभारला होता. तो कर १९९५ च्या अखेरीस संपू दिला गेला, निधी आटला, सफाईचा भार सामान्य करदात्यावर आला. शेवटी पाव शतकानंतर, २०२१ आणि २०२२ च्या कायद्यांनी, ते कर पुन्हा बसवावे लागले. करसवलतीला खाते लागते तसे जमेलाही खाते लागते, हे आपल्या चर्चेत हमखास निसटते.

आपल्या कायद्याला ही दृष्टी अगदीच परकी आहे असे नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात पुढे असे कलम घालण्यात आले की तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपनीने विहीर बंद झाल्यावर जागा पूर्ववत करण्यासाठी आगाऊ रक्कम ठेव म्हणून बाजूला काढली तर नफ्याच्या वीस टक्क्यांपर्यंत तिला वजावट मिळावी. यातले शहाणपण असे की सवलत मिळते ती कारखाना चालू असताना, नफा येत असताना, आणि पैसा आधीच बाजूला पडतो. दुकान मोडल्यावर देणेकऱ्यांच्या रांगेत मातीला शेवटचे स्थान मिळत नाही. जे तेलाच्या विहिरीला लागू केले ते क्रोमेटच्या भट्टीला, रंगाच्या कारखान्याला, कीटकनाशकांच्या कारखान्याला का लागू करू नये? नव्या कारखान्याला परवाना देतानाच असे ठेव-खाते सक्तीचे करावे आणि त्या ठेवीवर करसवलत खुशाल द्यावी. या एका गोष्टीसाठी सरकारने हात सैल सोडला तर आम्ही टीका करणार नाही.

कारखानदारांचा एक आक्षेप ऐकू येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ते म्हणतात, आमच्या आजोबांनी जेव्हा राख टाकली तेव्हा ती टाकू नये असे सांगणारा कायदाच नव्हता; आज त्याची शिक्षा आम्हांला का? जर्सी सिटीच्या खटल्यात न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. तेथील ३४ एकर जागेवर पंधरा लाख टन राख टाकली होती ती एका जुन्या कंपनीने, आणि ते काम १९५४ सालीच थांबले होते. हनीवेल ही कंपनी तिची केवळ वारस. तरी २००३ साली न्यायालयाने हनीवेलला सांगितले की नुसते वरून झाकून चालणार नाही, सगळी राख खणून काढा. २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही ते कायम केले. राख खणली गेली आणि त्या परिसरात नव्या वस्तीची आखणी झाली. वारशात कारखाना, नाव, पेटंटे, जमीन हे सारे येते. मग कर्ज तेवढे कसे येणार नाही? आमच्याकडे बापाचे कर्ज मुलाने फेडावयाचे असते, हे कोणत्या कायद्यात लिहिले आहे म्हणून लोक फेडतात असे नव्हे.

अर्थात खणून काढलेली राख जाते कोठे, हाही प्रश्न आहेच. एका गावचे विष दुसऱ्या गावच्या वेशीवर नेऊन पुरणे म्हणजे सफाई नव्हे. पिथमपूरच्या लोकांनी भोपाळचा कचरा येऊ नये म्हणून रस्त्यावर येऊन जो विरोध केला, त्याला केवळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी तो कचरा आपल्या नगरात घेण्याची तयारी किती वेळा दाखविली होती?

गुजरात सरकारला या विषयात केंद्राच्या आयकरावाचूनही पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मुद्रांक शुल्क राज्याचे, जंत्रीचे दर राज्याचे, बांधकामाचा चटईनिर्देशांक राज्याच्या हातात, मालमत्ता कर महापालिकेचा. औद्योगिक जमिनीचा वापर बदलून ती निवासी किंवा व्यापारी करण्याची परवानगी मागितली जाते, तो क्षण निर्णायक असतो. त्या एका सहीने जमिनीचा भाव कितीतरी पटींनी वाढतो. ती सही होण्यापूर्वी मातीचे आणि भूजलाचे परीक्षण झाले पाहिजे, त्याचा अहवाल सार्वजनिक झाला पाहिजे, आणि सफाईचा खर्च विक्रीच्या रकमेतून आधी वेगळ्या खात्यात पडला पाहिजे. त्यानंतरही तूट उरली तर मुद्रांक शुल्क माफ करा, काही वर्षे मालमत्ता कर कमी करा. परंतु सवलत हातात पडावी ती मंडळाने जमीन स्वच्छ झाल्याचा दाखला दिल्यावर, आणि दाखल्यानंतरही काही वर्षे कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी चालू राहिली पाहिजे. पाण्यात पिवळेपणा पुन्हा दिसला तर दिलेली सूट व्याजासह परत घेण्याचा अधिकार कायद्यातच हवा. परीक्षण करणारी प्रयोगशाळा बिल्डरने निवडलेली आणि त्यानेच पैसे दिलेली असू नये, हे सांगावे लागू नये. पण सांगितलेले बरे.

जिल्हा प्रशासनाने सहामाही अहवाल द्यावयाचा आहे, असे नवा नियम म्हणतो. बडोदे जिल्ह्याचा तो अहवाल कलेक्टर कचेरीच्या कपाटात बंद राहता कामा नये. तो महापालिकेच्या प्रत्येक वॉर्ड कचेरीत, फतेगंजात तसा गोरव्यात, आणि पादरा-जंबुसरच्या ग्रामपंचायतींत सर्व्हे नंबरांसह, गुजरातीत लावावा. बडोद्यातील मराठी वस्तीसाठी मराठीतही लावला तर बिघडणार नाही. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ज्यांना आपले जोते भरून घ्यावयाचे आहे त्यांना निदान ट्रकवाल्याला विचारता येईल की माती कोणत्या नंबरातून आणलीस, आणि त्याचे उत्तर त्या यादीशी ताडून पाहता येईल.